पाटलिपुत्र : राजवाड्याच्या शोधात हरवलेला विहार

बोधगया, राजगृह, नालंदा, वैशाली, कुशीनगर असा क्रम लावून महाराष्ट्रातील उपासक-उपासिकांच्या यात्रा दरवर्षी बिहारात जातात. या यात्रांच्या कार्यक्रमपत्रिकेत पाटणा हे नाव असते खरे; परंतु ते बहुधा मुक्कामाचे गाव म्हणून असते, दर्शनाचे स्थळ म्हणून नव्हे. रात्री उशिरा बस पोचते आणि सकाळी गंगेवरचा पूल ओलांडून वैशालीकडे निघते. वेळ उरलाच तर कुम्हरार येथील उद्यानात तासभर थांबून 'सम्राट अशोकाचा राजवाडा' पाहिला जातो. पाहिला जातो म्हणजे हिरवळ पाहिली जाते, छपराखाली आडवा ठेवलेला एक दगडी स्तंभ पाहिला जातो, छायाचित्रे काढली जातात आणि "येथे काहीच उरले नाही" असा शेरा मारून मंडळी बसमध्ये परततात. प्रस्तुत लेखकाने हा शेरा अनेकदा ऐकला आहे, आणि पहिल्या भेटीत स्वतःही तो मारला आहे.

या शेऱ्याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू होय. पाटलिपुत्रात काही उरले नाही, हे खरे नाही. आपण जे पाहावयास जातो ते तेथे कधी निर्विवादपणे सापडलेलेच नाही. आणि जे सापडले आहे ते पाहण्याची दृष्टी आपणास ना मार्गदर्शकाने दिली, ना पाठ्यपुस्तकाने. दोष केवळ त्यांचाही नाही. राजधानी म्हटली की राजा शोधावयाचा, ही सवय आपल्यातही मुरलेली आहे.

या नगराचा उगम कसा झाला, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. महापरिनिब्बानसुत्तात तथागत आपल्या अखेरच्या चारिकेत राजगृहाहून निघून पाटलिगाम या खेड्यात येतात. तेथील उपासक आपल्या आवसथागारात, म्हणजे गावच्या विश्रामगृहात, त्यांचे स्वागत करतात आणि तथागत त्यांना शीलाविषयी उपदेश करतात. त्याच वेळी सुनीध आणि वस्सकार हे मगधाचे दोन महामात्य तेथे तटबंदी उभारीत आहेत. ही तटबंदी कोणासाठी? वज्जींना थोपविण्यासाठी. म्हणजे ज्या वज्जींच्या गणसंघाच्या सात अपरिहानीय धम्मांची तथागतांनी त्याच सुत्ताच्या आरंभी प्रशंसा केली, जे वारंवार एकत्र बसतात आणि एकमताने निर्णय घेतात म्हणून त्यांची हानी होणार नाही असे सांगितले, त्यांच्याच पाडावाची तयारी म्हणून हे नगर जन्मास आले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतात एके काळी गणराज्ये होती आणि भिक्खुसंघास संसदीय कार्यपद्धती ज्ञात होती, याचे स्मरण करून दिले. त्या भाषणाचा अभिमान बाळगणाऱ्या वाचकाने पाटलिपुत्राकडे केवळ भारावून पाहणे कठीणच आहे. आपली बस ज्या पुलावरून वैशालीस जाते, तो साम्राज्याकडून गणराज्याकडे जाणारा पूल आहे, हे बसमध्ये कोणीतरी सांगावयास हवे.

तथागतांनी त्याच प्रसंगी या नगराचे भविष्य वर्तविले, असे सुत्त सांगते. हे श्रेष्ठ नगर होईल, व्यापाराचे केंद्र होईल; पण त्यास तीन भये राहतील : अग्नी, उदक आणि मिथुभेद, म्हणजे आपसांतील फूट. हे भविष्य आहे की नंतरच्या संगीतिकारांनी नगराचा अनुभव पाहून घातलेली भर आहे, याचा वाद विद्वानांनी घालावा. चिकित्सकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की नगराच्या तीन संकटांत परचक्र हे संकट धरलेले नाही. तट बांधणाऱ्या अमात्यांना ज्याचे भय होते, ते या यादीत नाही.

पुढे मगधाची राजधानी राजगृहाहून येथे आली. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस सेल्यूकसाचा वकील मेगॅस्थनीस येथे आला, तेव्हा त्याने ८० स्टेडिया लांब आणि १५ स्टेडिया रुंद असे नगर, त्याभोवती लाकडी तट, ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे यांची नोंद केली. हे आकडे फुगविलेले असतील, असे कोणी म्हणे. पण १९२६-२७ मध्ये बुलंदीबाग येथे जाड लाकडी ओंडक्यांच्या दुहेरी भिंतीचा लांबलचक भाग जमिनीखाली सापडला आणि त्या ग्रीक वकिलाची साक्ष निदान तटाच्या बाबतीत तरी खरी ठरली.

तथापि आधुनिक काळात या नगराचा शोध कोणी आणि कशासाठी घेतला, याचा विचार केल्यावाचून आजचे कुम्हरार समजत नाही. १८९२ मध्ये एल. ए. वॅडेल या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याने युआन श्वांगचे प्रवासवर्णन हाती घेऊन पाटण्यात अशोककालीन स्थळे ओळखण्याचा प्रयत्न केला. १८९५ मध्ये बुलंदीबाग परिसरात एक स्तंभशीर्ष मिळाले. त्यावरील नक्षी ग्रीक धाटणीची असल्याने त्याची कीर्ती झाली. १९१३ च्या सुमारास डी. बी. स्पूनर यांनी कुम्हरारला उत्खनन सुरू केले. सर रतन टाटा यांनी त्यासाठी द्रव्यसाहाय्य केले. स्पूनर यांस वालुकाश्माच्या स्तंभांच्या जागा ओळींत आढळल्या आणि त्यांच्या मनात इराणातील पर्सेपोलिसच्या शतस्तंभी दालनाचे चित्र उभे राहिले. १९१५ मध्ये त्यांनी भारतीय इतिहासात एक 'झरथुष्ट्री कालखंड' होता असा सिद्धांत मांडला, आणि त्या ओघात बुद्धालाही इराणी परंपरेशी जोडण्याचा प्रयत्न केला. तो सिद्धांत टिकला नाही. पण त्याची मुळे पाहण्यासारखी आहेत. युरोपीय पंडितास पाटलिपुत्रात ग्रीस हवा होता, इराण हवा होता. पुढे राष्ट्रवादी पंडितास चंद्रगुप्त आणि चाणक्य हवे होते. येथील मातीत भिक्खू शोधण्यासाठी म्हणून कुदळ हाती घेणारा विरळाच.

१९५१ ते १९५५ या काळात पाटण्याच्या काशीप्रसाद जायसवाल संशोधन संस्थेने कुम्हरारला पुन्हा उत्खनन केले. त्याचे नेतृत्व डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांच्याकडे होते. आळतेकर हे कोल्हापूरकडचे, मराठी मातीतील विद्वान. विजयकांत मिश्र यांच्यासह त्यांनी लिहिलेला अहवाल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पूनर यांच्या ७२ स्तंभस्थानांत या उत्खननाने ८ ची भर घातली, आणि 'ऐंशी स्तंभांचे दालन' हे नाव रूढ झाले. स्तंभ आपल्या वजनाने मऊ भूमीत सरळ खाली खचले, हे स्पूनर यांचे मत या उत्खननात टिकले नाही. दालनाच्या एका बाजूस मिळालेले लाकडी ओट्यांचे भव्य काम आजही अभ्यासकास चकित करते. परंतु एवढे सारे झाल्यावरही हे दालन नेमके कशाचे, हा प्रश्न सुटलेला नाही. राजसभा असेल, उत्सवमंडप असेल. काहींनी तर सम्राट अशोकाच्या काळात मोग्गलिपुत्त तिस्स थेरांच्या अध्यक्षतेखाली भरलेली तिसरी धम्मसंगीती येथेच झाली, असे सुचविले. पाली परंपरेप्रमाणे ती संगीती अशोकारामात झाली. आणि कुम्हरारचे दालन म्हणजे अशोकाराम, असे सिद्ध करणारा एकही लेख तेथे मिळालेला नाही. मग 'अशोकाचा राजवाडा' हे नाव आले कोठून? ते आपल्या इच्छेतून आले. यात्रेत संगीतीची घोषणा करून तेथे वंदना घेणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी आदर बाळगूनही हे सांगणे भाग आहे.

याहून नाजूक प्रश्न राखेचा आहे. कुम्हरारच्या दालनावर राखेचा थर मिळाला. दालन आगीत नष्ट झाले, यात शंका नाही. आपल्याकडील काही व्याख्याते हा थर दाखवून, किंवा अधिक वेळा न पाहताच, पुष्यमित्र शुंगाने पाटलिपुत्र जाळल्याचा हा पुरावा होय असे ठासून सांगतात. पुष्यमित्राने आपला स्वामी बृहद्रथ मौर्य याचा वध करून राज्य बळकाविले, हे बाणभट्टाच्या हर्षचरितातही नमूद आहे. बौद्धांवरील त्याच्या अत्याचारांची कथा दिव्यावदानात आहे. बाबासाहेबांनी 'प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती' या अपूर्ण राहिलेल्या ग्रंथात या सत्तांतराकडे ब्राह्मणी प्रतिक्रांती म्हणून पाहिले, आणि भारताचा इतिहास हा बौद्ध धम्म व ब्राह्मणी धर्म यांच्यातील संघर्षाचा इतिहास आहे, अशी मांडणी केली. ती मांडणी एका राखेच्या थरावर उभी नाही. ती ग्रंथांच्या, स्मृतींच्या आणि समाजरचनेच्या परीक्षणावर उभी आहे. मनुस्मृतीचा काळ आणि हेतू यांविषयीचा तिचा युक्तिवाद कुम्हरारला आग कोणी लावली यावर अवलंबून नाही. राख आगीची साक्ष देते, आग लावणाऱ्याचे नाव सांगत नाही. लाकडाच्या नगरात दिवा कलंडूनही दालन जळते. आणि तथागतांनी सांगितलेल्या तीन भयांत पहिले अग्नीचे आहे, हे आपणच वाचलेले असते.

येथे कोणी म्हणेल, प्रतिपक्ष पुराव्यावाचून हवी ती विधाने करतो, मग आपणच इतके काटेकोर का असावे? याचे उत्तर बाबासाहेबांच्याच लेखनात आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी इतिहासकाराच्या कर्तव्याविषयीचे गटेचे मत आधारास घेतले आहे : निश्चित काय, अनिश्चित काय आणि जे स्वीकारताच येत नाही ते काय, यांची फारकत इतिहासकाराने केली पाहिजे. त्याच प्रस्तावनेत, जेथे दुवे तुटलेले आहेत तेथे अनुमानाने पूल बांधण्याचा अधिकारही त्यांनी मागितला आहे. हे दोन्ही एकत्र वाचावयाचे असते. आपल्या व्याख्यात्यांनी दुसरा अधिकार उचलला आणि पहिले कर्तव्य प्रस्तावनेतच राहू दिले. अनुमान हे अनुमान म्हणून मांडले तर त्यास बळ असते. तेच 'पुरावा' म्हणून मांडले, की एखादा सामान्य पुरातत्त्वज्ञही ते खोडून काढतो आणि त्याबरोबर खरा युक्तिवादही हास्यास्पद ठरविला जातो. ही किंमत आपल्या समाजाने एकदा नव्हे, अनेकदा मोजली आहे.

आता त्या उद्यानातील ज्या अवशेषाकडे फारसे कोणी वळत नाही, त्याकडे वळू. १९५१-५५ च्या उत्खननात कुम्हरारला गुप्तकालीन विटांच्या इमारती मिळाल्या. तेथे पक्व मातीची एक लंबवर्तुळाकार मुद्रा मिळाली. तिच्यावर 'श्रीआरोग्यविहारे भिक्षुसंघस्य' अशी अक्षरे आहेत. आरोग्यविहारातील भिक्खुसंघाची ती मुद्रा. एका खापराच्या तुकड्यावर धन्वंतरी या नावाची अक्षरे मिळाली. हा रुग्णालयाशी जोडलेला विहार असला पाहिजे, असे अनुमान उत्खनकांनी काढले, आणि ते सयुक्तिक आहे. मुद्रा हीच अशी वस्तू की जिच्यावर स्थळाने स्वतः आपले नाव सांगितलेले असते. राजवाडा म्हणून मिरविणाऱ्या दालनाने आपले नाव सांगितलेले नाही. विटांच्या या साध्या खोल्यांनी सांगितले. ऐंशी स्तंभ मुके राहिले आणि मुठीत मावणारा मातीचा गोळा बोलला.

या मुद्रेचे मोल समजण्यासाठी विनयपिटकाकडे गेले पाहिजे. महावग्गात एका अतिसारग्रस्त भिक्खूची कथा आहे. तो आपल्याच मलमूत्रात पडलेला असतो आणि सोबतचे भिक्खू त्याची विचारपूस करीत नाहीत, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नसतो. तथागत आनंदासह स्वतः त्यास आंघोळ घालतात, उचलून बिछान्यावर निजवितात आणि संघास सांगतात की ज्यास माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी. त्या प्रसंगाला संस्थेचे रूप आले, की आरोग्यविहार होतो. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्य आणि पशू या दोहोंसाठी चिकित्सेची व्यवस्था केल्याचा, औषधी वनस्पती लावविल्याचा उल्लेख आहे. आणि पाचव्या शिलालेखाच्या गिरनार येथील पाठात पाटलिपुत्राचे नाव येते. या लेखमालेचेच तुकडे आपल्या सोपाऱ्यास मिळाले आहेत : आठव्या लेखाचा १८८२ मध्ये आणि नवव्याचा १९५६ मध्ये. पाटलिपुत्राचा शब्द कोकणच्या बंदरापर्यंत पोचला होता, तो असा.

पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान पाटलिपुत्रात आला. येथील श्रीमंतांनी आणि गृहस्थांनी स्थापिलेल्या आरोग्यशाळांचे वर्णन त्याने केले आहे. गरीब, अनाथ, अपंग, रोगी यांस तेथे प्रवेश असे, वैद्य त्यांची तपासणी करीत, पथ्य आणि औषध देत आणि बरे वाटल्यावर ते आपल्या पायांनी जात. फाहियानाचा काळ आणि आरोग्यविहाराचा काळ जवळचा आहे. म्हणून त्याने पाहिलेली आरोग्यशाळा हीच, असे म्हणण्याचा मोह होतो. तसे सिद्ध झालेले नाही, आणि फाहियान गृहस्थांच्या दानाविषयी बोलतो तर मुद्रा संघाचे नाव सांगते, हा भेदही आहे. परंतु ज्या नगरात उपासकांनी आरोग्यशाळा चालविल्या आणि ज्या नगरात भिक्खुसंघाच्या मुद्रेवर 'आरोग्यविहार' असे कोरले गेले, त्या नगराची संस्कृती कशात होती हे कळण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे. 'धन्वंतरी' हे नाव पाहून हा हिंदू देवतेचा पुरावा म्हणून पुढे करण्याची घाई काहींनी करू नये, आणि ते नाव लपविण्याची घाई आपणही करू नये. ते एखाद्या वैद्याचे नाव किंवा बिरुद असू शकते. वैद्यकाची भाषा त्या काळी सर्वांची होती.

हे सारे वाचताना आपल्या आजच्या विहारांचा विचार मनात येतो, तो टाळता येत नाही. आठवड्यातून एकदा वंदना आणि उरलेले सहा दिवस कुलूप, अशी ज्यांची स्थिती आहे अशा विहारांतील मंडळी कुम्हरारला जाऊन ऐंशी स्तंभ मोजतात आणि आरोग्यविहाराच्या विटांवर बसून डबा खातात. डबा खाण्यास हरकत नाही. विटा कोणाच्या, एवढे ठाऊक असावे.

कुम्हरारच्या आसपास अशी आणखी स्थळे आहेत की जी पाहिल्यावाचून पाटलिपुत्र पाहिले असे म्हणता येणार नाही. कंकडबागेत नयाटोला भागात दुरखी देवीचे मंदिर आहे. तेथे पूजिली जाणारी 'देवी' म्हणजे स्तूपाच्या दगडी वेदिकेचा, कठड्याचा, शुंगकालीन तुकडा. त्याच्या दोन्ही बाजूंस वृक्षाची फांदी धरलेल्या स्त्रिया कोरलेल्या आहेत; दोन्हीकडे मुख म्हणून ती दुरुखी, आणि पुढे दुरखी. तो कुम्हरारहून तेथे नेला गेला, असे सांगतात. आपणास हे नवे नाही. लेण्याद्रीच्या विहारात गणपती बसलेला आपण पाहतो, कार्ल्याच्या चैत्यासमोर एकवीरेची जत्रा पाहतो. पण दुरखी देवीपुढे कुंकू वाहणाऱ्या त्या बायकांवर रागावण्यात अर्थ नाही. उलट त्यांच्यामुळे तो दगड टिकला. नाहीतर शेजारच्या घराच्या पायात गेला असता. राग यावयाचा असेल तर तो या गोष्टीचा यावा की ज्या स्तूपाची ती वेदिका, त्या स्तूपाचे नाव आज कोणालाच ठाऊक नाही.

आगम कुआँ ही खोल विहीर गुलजारबागेजवळ आहे. तिला वॅडेलने अशोकाच्या 'नरका'शी जोडले. धम्माकडे वळण्यापूर्वी अशोकाने माणसांच्या छळासाठी कारागृह बांधले होते, ही कथा फाहियान आणि युआन श्वांग दोघांनीही ऐकलेली होती. शेजारी शीतलादेवीचे मंदिर आहे. ही विहीर म्हणजेच ते कारागृह, हे वॅडेलचे अनुमान, त्याहून अधिक काही नाही. भिखना पहाडी हे नाव मात्र ऐकताच थांबावेसे वाटते. अशोकपुत्र महेंद्र थेरांसाठी उभारलेल्या टेकडीची आठवण वॅडेलने या नावाशी जोडली. आज तेथे स्पर्धा-परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या खोल्या आहेत, आणि त्या दाटीत टेकडी शोधणे कठीण आहे. तेथून अवघ्या काही अंतरावर असलेल्या पाटणा संग्रहालयात राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटातून खेचरांच्या पाठीवर आणलेले ग्रंथ ठेवले गेले. या भूमीतून नाहीसे झालेले बौद्ध तर्कशास्त्र परत आले ते या नगरातच. पण त्यासाठी आपल्या यात्रेत अर्धा तासही राखलेला नसतो.

नव्या स्मारकांविषयी थोडक्यात. बांकीपूर कारागृहाच्या जागी उभारलेल्या बुद्ध स्मृती उद्यानाचे उद्घाटन परमपावन दलाई लामा यांच्या हस्ते २७ मे २०१० रोजी झाले. तेथील करुणा स्तूप उंच, स्वच्छ आणि शांत आहे; संध्याकाळी मुलाबाळांसह येणाऱ्या पाटणेकरांना तो आपला वाटतो, हेही काही कमी नाही. तथापि २०१५ साली याच नगरात सम्राट अशोकाची २३२०वी जयंती साजरी करून त्यास एका विशिष्ट जातीचा पूर्वज म्हणून मिरविण्यात आले, तेव्हा ज्याने आपल्या लेखांत स्वतःची जात एकदाही सांगितली नाही त्यास जातीचा दाखला मिळाला. जन्मतिथीस आधार नाही, आणि जातीस तर मुळीच नाही. हा खेळ पाहून आपण हसतो. पण आपल्यातही अशोकाला 'आपल्या'पैकी ठरविण्यासाठी वंशावळी जुळविणारे लेखक आहेत. त्यांचे लेखन आणि पाटण्यातील ती मिरवणूक यांची जात एकच आहे.

उदकाच्या भयाचा अनुभव तर नगर आजही घेते. कुम्हरारची भूजलपातळी वाढून उघडे केलेले अवशेष पाण्यात राहू लागले, म्हणून २००४-०५ च्या सुमारास दालनाचा खुला भाग वाळू-मातीने झाकण्यात आला. यात्रेकरूंना 'काहीच उरले नाही' असे वाटते त्याचे एक कारण हेही आहे. जे उरले ते पायाखाली आहे. झाकण्याचा तो निर्णय योग्य होता, असेच म्हणावे लागेल. पण त्या हिरवळीखाली काय आहे हे सांगणारे आराखडे, छायाचित्रे, प्रतिकृती यांचा भरणा तेथे असावयास हवा होता. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस कंकडबाग, राजेंद्रनगर हा सारा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा झाकण्यामागचा शहाणपणा सर्वांस कळला असेल. २०२४ च्या अखेरीस भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने काही स्तंभ पुन्हा उघडे करून त्यांच्या स्थितीची तपासणी करण्याचे काम हाती घेतले. स्तंभ दिसू लागले की गर्दी होईल, आणि त्या गर्दीस पुन्हा 'राजवाडा'च दाखविला जाईल, हे भय आहे.

तिसरे भय मिथुभेदाचे. सारनाथच्या स्तंभावर संघात फूट पाडणाऱ्यास श्वेत वस्त्रे नेसवून विहाराबाहेर ठेवावे, अशी अशोकाची आज्ञा आहे. तिचा आरंभ तुटलेला आहे, पण 'पाट' ही अक्षरे वाचता येतात, आणि ती पाटलिपुत्राची असावीत असे लेखविद्येचे जाणकार मानतात. राजधानीच्या अमात्यांस सम्राट संघाच्या ऐक्याविषयी लिहितो आहे. तिसऱ्या संगीतीची पाली परंपरेतील कथाही याच फुटीची आहे. या भयाविषयी आंबेडकरी बौद्ध वाचकास अधिक काही सांगण्याची आवश्यकता नसावी.

पाटणा शहराच्या पूर्व भागात तख्त श्री हरमंदिर साहिब आहे, गुरू गोविंदसिंहांचे जन्मस्थान. तेथे कोणी 'काहीच उरले नाही' म्हणत नाही, कारण तेथे संगत तुटली नाही. लंगर चालू आहे. कुम्हरारला संघ तुटला. म्हणून तेथे दगड बोलत नाहीत, आणि आपण गेलो तरी ऐकावयाचे काय हे आपणास ठाऊक नसते. दोन्ही स्थळे एकाच दिवसात पाहता येतात, आणि पाहावीत.

आळतेकरांनीच १९५७-५८ मध्ये वैशालीस उत्खनित केलेली अस्थिमंजूषा अनेक वर्षे पाटण्याच्या संग्रहालयात होती. आपल्या यात्रा पाटण्यास काही वेळ थांबत, ते बहुधा तिच्यासाठी. जुलै २०२५ मध्ये वैशालीत नवे संग्रहालय व स्मृतिस्तूप उभे राहिले आणि ती तेथे गेली. वज्जींच्या वाट्याचा धातू वज्जींच्या भूमीस परत गेला, हे उचितच झाले. यापुढे पाटण्यास थांबण्याचे ते कारणही राहणार नाही आणि बस सरळ पुलावर चढेल. फाहियान मात्र या नगरात तीन वर्षे राहिला. उत्तरेकडील देशांत विनय तोंडोतोंडी चालत आलेला होता, लिहिलेली प्रत मिळेना. ती त्यास पाटलिपुत्राच्या एका विहारात मिळाली आणि तो येथे भाषा शिकत, नकला करीत बसला. त्याच्यासोबत ताओ-चिंग नावाचा भिक्खू होता. येथील संघाची शिस्त पाहून तो म्हणाला की मी परत जाणार नाही, आणि फाहियान एकटाच समुद्रमार्गे चीनला परतला.